टाकीच्या तोंडावरचा माणूस

खांबराव बावीस वर्षं एकाच जागी उभे आहेत, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करण्यासारखं होईल. जागा सहा आहेत. टाक्या सहा आहेत म्हणून.

कारखाना खळीचा. कापडाला लागते ती खळ, पुठ्ठ्याच्या खोक्यांना लागते तीही. खळ काढून झाल्यावर उरतं ते पांढुरकं पाणी जमिनीखालच्या सहा टाक्यांत सोडतात. तिथे त्याचा गाळ बसतो, गाळ आंबतो, आणि वर्षातून दोनदा कुणीतरी आत उतरून तो खरवडावा लागतो. टाकी बारा फूट खोल आणि तिचं तोंड दोन फुटांचं, म्हणजे जेवणानंतर उतरायचं म्हटलं तर विचार करावा लागेल असं. आत उतरणारा माणूस उतरतो, खरवडतो, वर येतो, साबणाची अर्धी वडी संपवतो आणि कारखान्यात त्याचा मान असतो. तोंडाशी उभा राहणारा माणूस उभा राहतो. त्याला मान का असावा, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

खांबराव हे त्यांचं नाव नव्हे. पण खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे वापरात नसल्यामुळे ते जवळजवळ नव्यासारखं राहिलं आहे.

उभं राहण्याआधी त्यांना बरंच काही करायचं असतं, हे कुणी बघत नाही, कारण बाकीचे येण्याआधी ते बहुतेक सगळं उरकून मोकळे झालेले असतात. हवा मोजायचं मीटर दोरीला बांधून ते टाकीत सोडतात: आधी वर, मग मध्ये, मग तळाशी. वाईट हवा सगळीकडे सारखी पसरत नाही, ती सोयीची जागा बघून बसते. मग पंखा सुरू करून त्याचा जाड पाइप तळापर्यंत पोचवतात. तोंडावर तिपाई उभी करून तिला हाताने फिरवायची विंच लावतात, तिचा दोर उतरणाऱ्याच्या पट्ट्यात अडकवतात, त्याचा बिल्ला फळीवरच्या खिळ्याला टांगतात आणि रजिस्टरात वेळ लिहितात. नंतर ते उभे राहतात.

त्यांना पाळायचे नियम दोनच. तोंड सोडून जायचं नाही, आणि आत जायचं नाही. काहीही झालं तरी. आतला माणूस कोसळला, तरी वरूनच ओढायचा. प्रशिक्षणाच्या दिवशी त्यांना एका म्हाताऱ्या फिटरने याचं कारण सांगितलं होतं, आणि ते त्यांनी मनात कोरून ठेवलं होतं: अशा टाकीत पहिला माणूस चुकीने जातो, दुसरा आणि तिसरा चांगुलपणाने.

रजिस्टराच्या नियमाप्रमाणे दर पाच मिनिटांनी आतल्या माणसाला "ठीक आहे का?" असं विचारायचं आणि उत्तर लिहायचं. सुरुवातीची दोन वर्षं खांबरावांनी तसंच केलं. मग एकदा एक वेल्डर लागोपाठ तीन वेळा "ठीक" म्हणाला, आणि चौथ्या वेळी वर आला तेव्हा त्याला स्वतःच्या बायकोचं नाव आठवेना. त्याने ते दुसऱ्या दिवशी आठवून सांगितलं हे खरं, पण मधली रात्र त्याला जड गेली. खांबरावांनी त्यावरून एक निष्कर्ष काढला. "ठीक" हा शब्द बोलायला माणसाला डोकं लागत नाही. सबंध आयुष्य आपण तो डोक्याशिवायच बोलत आलेलो असतो.

तेव्हापासून प्रत्येकाला त्याचा त्याचा प्रश्न ठरला. फिटरला सतराचा पाढा. वेल्डरला मुलांची नावं, थोरल्यापासून. रंगाऱ्याला कॅंटीनविषयी मत विचारायचं. ते नेहमी लांबलचक असायचं. उत्तर अडखळलं, की माणूस वर. यावरून बरीच थट्टा झाली. फिटर एकदा सतरा नव्वे एकशे त्रेपन्नला अडकला आणि त्याला चक्क ओढून वर काढलं. त्याला तो पाढा मुळात येतच नव्हता, हे नंतर कळलं. खांबरावांनी माफी मागितली आणि त्याला तेराचा दिला.

चार वर्षांपूर्वी त्यांचा मेहुणा गाळ काढायच्या टोळीत आला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा, एकुलता एक भाऊ. अंगाने सडपातळ, तोंडाने धिप्पाड. त्याच्यासाठी प्रश्न शोधावा लागला नाही. खांबराव वरून काहीही बोलले, तरी खालून त्यांचा अपमान वर येई, आणि तो दर वेळी नवा असे. एवढं ताजं काम डोकं जागेवर असल्याशिवाय होत नाही, हे खांबरावांनी ओळखलं. त्यांच्या रजिस्टरात त्या काळातल्या नोंदी अशा आहेत: "९.३५ – म्हणाला, तुमच्या जागी हातगाडी उभी केली तरी भागेल, निदान तिला चाकं असतात. आवाज स्पष्ट." "९.४० – माझ्या टकलाविषयी. स्पष्ट." "९.४५ – पुन्हा टक्कल. स्पष्ट, पण पुनरुक्ती. लक्ष ठेवणे." तपासणीला आलेल्या साहेबांनी हे पान वाचलं, मागे उलटलं, पुढे उलटलं आणि सही केली.

आता सासूबाई. त्या दोन गल्ल्या सोडून मेहुण्याबरोबर राहत आणि दर रविवारी लेकीकडे जेवायला येत. त्यांना कशाचीच भीती वाटत नसे, फक्त टाकीची वाटे, कारण ती त्यांनी पाहिली नव्हती. अशाच एका रविवारी, सात महिन्यांपूर्वी, त्यांनी पानावरून मान वर करून विचारलं,

"जावईबापू, एक सांगा. माझा मुलगा खाली आणि तुम्ही वर. उद्या त्याला खाली काही झालं, तर तुम्ही उतराल ना?"

या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे आणि ते कुणालाही देता येतं. खांबराव म्हणाले,

"नाही."

बायकोच्या हातातला डाव भांड्यात तसाच राहिला. मेहुणा मात्र खूश झाला. "ऐकलंस आई? मी म्हणत नव्हतो? खांबाला कुठे गुडघे असतात!"

"अहो, काय बोलताय?" बायको म्हणाली. "त्यांना असं म्हणायचंय आई, की..."

"मला तसंच म्हणायचंय," खांबराव म्हणाले. "मी उतरलो तर वरून ओढणार कोण?"

"म्हणजे तो तिथे पडलेला असेल, आणि तुम्ही वरून बघत बसणार?"

"बसायला मनाई आहे. उभं राहायचं असतं."

यात त्यांना विनोद करायचा नव्हता. पण सासूबाईंनी ताट बाजूला सारलं, आणि त्या दिवसापासून त्या जावयाशी बोलेनाशा झाल्या. रविवार चुकवला नाही. पण मीठ हवं असलं, तर खांबरावांच्या कोपराशी असलेली मिठाची बाटली त्या लेकीकडून मागत. "यांना सांग, पंखा कमी करा." "यांना विचार, माझा मुलगा कितीला सुटतो." लेक सांगे, विचारे आणि रात्री नवऱ्याचं डोकं खाई.

"हो म्हणायला काय जात होतं तुमचं? कुणी बघायला येणार होतं?"

"तोंडाला सवय लागली की पायांना लागते," खांबराव म्हणाले. "वेळ आली तर मला पायांवर अवलंबून राहायचंय."

"माझा भाऊ आहे तो."

"म्हणूनच."

बायकोने कूस बदलली. माणूस चांगला आहे, हे तिला ठाऊक होतं. पण तो चांगुलपणा अशा ठिकाणी ठेवलेला होता की पाहुण्यांना दाखवता येत नसे.

तो मंगळवार होता. टाकी नंबर चार. सकाळी खांबरावांनी मीटर तीनही ठिकाणी सोडून पाहिलं, हवा चांगली निघाली. पंखा घरघरत होता. तेच मीटर खिशाला लावून मेहुणा दहाला खाली उतरला आणि खरवडू लागला. दहा पाचला, दहा दहाला, दहा पंधराला आणि दहा वीसला अपमान वेळेवर पोचले, नोंदले गेले.

पुढे काय घडलं, त्याची कारणं नंतर उघड झाली, पण ती आताच सांगून टाकलेली बरी. आंबलेल्या गाळाच्या पोटात वायू दबून बसलेला असतो. वरून हवा चांगली दिसते. फावडं मारलं की तो सुटतो आणि चांगल्या हवेला ढकलून तिची जागा घेतो. म्हणून तर पंखा असतो, म्हणून तर मीटर खिशाला असतं. पण मेहुण्याला पंख्याचा वारा कानात जाऊन कान दुखे, म्हणून त्याने पाइपाचं तोंड भिंतीकडे वळवून ठेवलं होतं. आणि मीटर मध्येच पिपाणी वाजवून त्याच्या गाण्याचा ताल बिघडवी, म्हणून ते त्याने मोज्यात गुंडाळून गमबुटात खोचलं होतं. नियमांविषयी त्याला आदर होता. फक्त ते टाकीच्या बाहेर राहावेत, एवढीच त्याची अपेक्षा होती.

अशा हवेत माणूस गुदमरत नाही, हीच तर तिची खोड. आधी त्याला बरं वाटतं. मग फार बरं वाटतं. मग गुडघे जातात.

दहा पंचवीसला खांबरावांनी तोंडावर वाकून विचारलं, "काय रे, तुझी अक्कल सापडली का गाळात?"

खालून काही आलं नाही. मग आवाज आला, मऊ, जरा लांबलेला.

"भावजी... तुम्ही फार चांगले आहात हो."

खांबराव आणखी खाली वाकले.

"काय म्हणालास?"

"ताईचं नशीब... असा माणूस मिळाला. मी आईला सांगणारे. सोन्यासारखा माणूस म्हणून."

अकरा वर्षांच्या नात्यात याहून भयंकर वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. ते रजिस्टरात लिहायला थांबले नाहीत. गळ्यातली शिटी फुंकली, फुंकतच राहिले, आणि विंचेचा दांडा धरला.

"वर नको ना," खालून मेहुणा म्हणाला. "छान आहे इथे. मऊ आहे."

आणि दोर एकदम जड झाला.

विंच फिरवायला सोपी असते, कारण ती सावकाश असते. एका फुटाला चार फेरे. बारा फुटांचे अठ्ठेचाळीस. घाई केली तर दोर चाकावर एकावर एक चढून अडकतो, आणि मग तो कुणाच्या बापाला निघत नाही. खांबराव फेरे मोजू लागले. मोठ्याने, कारण मनात मोजले तर हात पळाले असते.

सहाव्या फेऱ्याला मुकादम धावत आला. हातात चहाचा कप होता. शिटी ऐकूनही तो त्याने सोडला नव्हता, पण टाकीत डोकावल्याबरोबर सोडला.

"अहो, तो लोंबकळतोय! मान पडली त्याची!"

"सात," खांबराव म्हणाले.

"सरका, मी उतरतो!"

"नाही. आठ."

"खांबराव, सरका म्हणतो ना! शिडी आहे, दोन मिनिटांत खांद्यावर घालून आणतो!"

मुकादम धट्टाकट्टा गडी, मनाने स्वच्छ, आणि त्याने एक पाय तोंडातून आत टाकलाही. तेव्हा खांबरावांनी असं काही केलं की बघणारे चाटच पडले. दांड्यावरचा हात न काढता त्यांनी आपला डावा पाय उचलला आणि मुकादमाच्या छातीवर टेकवून त्याला मागे लोटलं. मुकादम चहात बसला.

"तुमचा सख्खा मेहुणा आहे!" तो ओरडला. "स्वतः जात नाही आणि दुसऱ्यालाही जाऊ देत नाही! माणूस आहात की कोण?"

"दोर एकच आहे," खांबराव म्हणाले. "तो त्याला लावलाय. तुम्हाला मी कशाने काढू? चौदा."

एव्हाना आणखी चार-पाच जण जमले होते आणि प्रत्येकाकडे एकेक सल्ला होता. कुणी म्हणालं जोरात फिरवा, कुणी म्हणालं पाणी ओता, कुणी नुसतंच "अरे देवा" म्हणत गोल फिरत होतं. खांबराव एकवीस म्हणाले, बावीस म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्याशी आला आणि तिथे थांबला. तीसला त्यांचा आवाज जरा चिरकला, तेव्हा ते तीस पुन्हा एकदा म्हणाले, या वेळी नीट. हात मात्र पुढेच चालले होते.

एक्केचाळीसला पिवळी टोपी दिसली.

"आता हात लावा," ते मुकादमाला म्हणाले. "बाहेरून. पालथे झोपा, काखेत हात घाला. पाय जमिनीवरच. तुमचे पाय दुसऱ्याने धरा."

करायला काम मिळाल्याबरोबर मुकादम एकदम शहाण्यासारखा वागू लागला. मेहुण्याचे खांदे तोंडात अडकले होते, ते त्याने तिरपे करून सोडवले. मेहुणा गवतावर येऊन पडला. चेहरा त्याने खरवडलेल्या गाळाच्या रंगाचा. छाती हलत होती, पण मन लागत नसल्यासारखी. खांबरावांनी बाजूला ठेवलेलं प्राणवायूचं नळकांडं ओढून आणलं, मुखवटा लावला आणि त्याच्या तोंडाशी वाकून वाट पाहू लागले. आता मोजायला काही नव्हतं. तो वेळ सगळ्यात वाईट गेला.

मग मेहुणा खोकला. डोळे उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मुखवटा बाजूला सारून त्याने खांबरावांकडे बराच वेळ पाहिलं.

"भावजी," तो म्हणाला, "लांब व्हा. तोंडाला वास येतोय तुमच्या."

खांबराव बावीस वर्षांत पहिल्यांदाच कामाच्या वेळेत खाली बसले.

मेहुण्याला एक दिवस दवाखान्यात ठेवून बुधवारी दुपारी घरी सोडलं. टाकीतलं त्याला काही आठवत नव्हतं. त्याने काय म्हटलं होतं हे खांबरावांच्या बायकोने सांगितलं, तेव्हा तो हसला. "मी? यांना? सोन्यासारखा? ताई, काहीतरीच काय! मरायला टेकल्याशिवाय मी असं बोलायचा नाही." हे वाक्य किती बिनचूक होतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

टाकीतली हकीकत मात्र मंगळवारी संध्याकाळीच गावभर झाली होती, आणि ती मुकादमाच्या तोंडून झाली होती. तो खोटं बोलला नाही. पण त्याच्या सांगण्यात मुख्य माणूस तो स्वतः होता, आणि मुख्य प्रसंग लाथेचा. "मी उतरतच होतो. आत पाय टाकलासुद्धा. यांनी स्वतः जायचं नाव नाही, उलट मलाच उडवलं."

बुधवारी संध्याकाळी सासूबाई आल्या. रविवार नसताना. खांबराव खिडकीशी उभे होते. बायको ओट्याशी उगाच तेच तेच भांडं पुसत होती. सासूबाई खुर्चीवर बसल्या, पदर सारखा केला आणि थेट जावयाकडे पाहिलं.

"उतरला नाहीत."

"नाही."

"मुकादम उतरत होता."

"हो."

"त्याला लाथ मारलीत."

"पाय लावला. जोर जास्त झाला थोडा."

"आई," बायको म्हणाली, "तो घरी बसून चहा पितोय ना? झालं तर मग."

"तू गप्प बस. मी यांच्याशी बोलतेय." सासूबाई पुढे झुकल्या. "मला एक समजावून सांगा. तो मुकादम आत गेला असता, तर काय झालं असतं?"

खांबरावांनी सांगितलं. फार वेळ लागला नाही. शिडीच्या अर्ध्यावर त्याला बरं वाटलं असतं. मेहुण्यापाशी पोचेपर्यंत फार बरं. मग तो मेहुण्यावरच पडला असता, शंभर किलोचा. दोर ताणला असता आणि विंचेने दोघांना उचललं नसतं. मग तिसरा कुणीतरी उतरला असता, कारण वर तोपर्यंत बरेच चांगले लोक जमले होते.

"म्हणजे माझाही वर आला नसता."

"नसता."

 सासूबाईंनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं, मग हातांकडे. डोळे कोरडे होते, पण नाक त्यांनी दोनदा पुसलं. बायकोने भांडं खाली ठेवलं. आता आई माफी मागते की काय, अशी तिला धास्ती पडली. तशी सवय घरात कुणालाच नव्हती.

"त्या मुकादमाला आई आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे. त्याच्याजवळच असते."

"तिला कुणी सांगितलं?"

"काय?"

"तिचा मुलगा वाचला म्हणून."

खांबरावांनी विचार केला. "नाही," ते म्हणाले. "तिला बहुतेक तो शूर आहे एवढंच सांगितलं असेल."

"वाटलंच." सासूबाई उठल्या आणि चपला घालू लागल्या. "चला. घर दाखवा."

"आई, आता? कशाला?" बायको म्हणाली.

"कशाला म्हणजे? मला यांनी हे समजावून सांगितलं नसतं, तर मी सात महिने आणखी गाढवासारखी बसले असते. चला हो जावईबापू, उभे काय राहिलात?"

खांबराव निघाले. सासूबाईंना घर ठाऊक नव्हतं, तरी त्या चार पावलं पुढे होत्या. वळण आलं की थांबायच्या, खांबरावांनी हात केला की पुन्हा सुटायच्या. रस्त्यात त्या एकदाच बोलल्या. "विंचेचे किती फेरे झाले?" "अठ्ठेचाळीस." पुढच्या वळणापर्यंत त्यांचे ओठ हलत होते.

मुकादमाने दार उघडलं. अंगात बनियन, हातात चहा. मागच्या खोलीत दोन शेजारी बसले होते आणि गोष्ट बहुधा पाय आत टाकण्यापर्यंत आली होती.

"या, या, काकू," तो म्हणाला. "मुलाची तब्येत कशी आहे?"

"बरी आहे," सासूबाई म्हणाल्या. "आई आहे का रे घरात?"

मुकादमाने सासूबाईंकडे पाहिलं, त्यांच्या मागे उभ्या असलेल्या खांबरावांकडे पाहिलं, आणि कप हळूच कोनाड्यात ठेवला.

"तिच्याकडे काय काम होतं?" त्याने विचारलं, पण तोपर्यंत आतून त्याची आई पदराला हात पुसत बाहेर आली होती.